ग्रहण सुटेपर्यंत

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळी फाटकाशी सायकल टेकवल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, आज तर बाजार नाही, मग भासरे कसे काय आले? भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. आम्ही पिपरी मेघेला राहायला आलो तेव्हापासून वर्ध्याच्या बाजारात भाजी उतरवून झाली की हँडलला अडकवलेली एक पिशवी ते आमच्या ओट्यावर ठेवून जायचे. त्या दिवशीही पिशवी होतीच. त्यांनी ती नेहमीच्या जागी ठेवली, पाणी मागितलं, गडवाभर पाणी सावकाश प्यायले आणि म्हणाले, "वच्छला गेली. पहाटंलेच." मग पिशवीकडे बघत, जणू तिचाच खुलासा करायचा राहिला होता तसे म्हणाले, "खाली हातानं कसा येऊ, म्हणून आणली. जुड्या तिनंच बांधेल हायत, काल सांजच्याला."

पिशवीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार जुड्या होत्या आणि थोडी वांगी. जुड्यांना अंबाडीच्या सालीचे बंद, दोन वेढे देऊन शेंडा आत खोचलेला. गाठ मारायची नाही, गाठ मारली की बाजारातल्या बाया सोडवताना भाजी तोडतात, असं तिचं म्हणणं. मी त्या जुड्या हातात धरून उभी राहिले. खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. रडू नंतर आलं, अंघोळ करताना. आधी आला तो थकवा... इतकी वर्षं आपण हे कधीतरी होणार म्हणून धरून बसलो होतो, ते झालं, आता सोडायला हरकत नाही, असा काहीतरी. भासऱ्यांच्या चेहऱ्यावरही तोच होता. ते सायकल तिथेच ठेवून ओट्यावर बसले.

वच्छलाबाई माझी मोठी जाऊ. मी तिला 'बाई' म्हणायची पण बोलणं अगंतुगंच चालायचं. मी आर्वीची, मॅट्रिक झालेली, लग्न होऊन या घरात आले ते शहात्तर साली. पिपरीच्या पुढे आमची भाजीची वाडी. वांगी, मेथी, सांभार, पालक, हिवाळ्यात मुळा. अशा घरात माणसं घड्याळावर चालत नाहीत, बाजारावर चालतात. संध्याकाळी तोड, रात्री जुड्या, पहाटे गाडी. त्यात बाई सारखी बसायची. पाणी आणताना मधेच बसायची, तोड करताना बसायची. विहिरीजवळ एक सपाट काळा दगड होता, कधीकाळी कपडे धुवायला आणलेला. त्यावर बसून ती एक हात छातीवर ठेवायची आणि दुसऱ्या हातानं उगाच गवत उपटायची, म्हणजे काम चालू आहे असं लांबून दिसावं. आमच्या सासूबाई, आम्ही सगळ्या त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्या म्हणत, "आमची मोठी सून म्हंजे बसकी म्हैस." मीही सुरुवातीला हसले असेन. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापात बिघडली आहे, आणि डॉक्टरांनी कुंदाच्या बाळंतपणात ते सांगितलं आहे, हे मला पुढे कळलं. घरात कोणी त्याला आजार मानतच नव्हतं. ताप नाही, जखम नाही, मग आजार कसला?

कुंदा तिची थोरली. मी आले तेव्हा ती वर्षाची होती, गोरीगोमटी, आणि वरचा ओठ मधोमध फाटलेला. मला पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी त्याचं कारण सांगितलं. मलाच असं नाही, त्या ते सगळ्यांना सांगत. पाहुण्यांना, कासारणीला, बाजारात शेजारी बसणाऱ्या बायांना. चौऱ्याहत्तरच्या कार्तिकी पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं. बाईला सहावा महिना. आमच्याकडे पोटुशी बाईनं ग्रहणात चटईवर सरळ उताणं निजायचं, पोटाला गेरू लावायचा, अंग मुडपायचं नाही, आणि विळी-विळ्याला तर हातसुद्धा लावायचा नाही. कापलं की लेकरू कापलेलं निघतं. "अन् हिनं," आत्याबाई बोट रोखून सांगत, "गिरानात विळा चालवला. जुड्यायचे बंद कापले. मंग पोट्टीचा ओठ फाटन नाई त काय होइन?" बाई समोरच असायची. ती मान वर करायची नाही. बरं, खोटं आहे असंही म्हणायची नाही. मला तिचा राग यायचा. गाय तरी शिंग उगारते, म्हणून मी एकदा तिला बोलले, तर म्हणाली, "बोलाले श्वास लागते व. मायाजवळ तेवढाच हाय, तो कामाले ठेवतो." आमच्या भागात बायाही 'ठेवतो', 'जातो' असंच म्हणतात.

दुसरं लेकरू होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तरी सत्त्याहत्तर संपता संपता तिला दिवस असल्याचं कळलं. सगळ्यांना वाटलं, मुलाची हौस. मी चिडून विचारलं तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. "मले पाहाचं हाय," ती म्हणाली, "दोष माया हाय का गिरानाचा. एक साबूत लेकरू झालं त समजन." मी म्हटलं, अगं, जीव जाईल तुझा. ती नुसती हसली. जिवावर उदार होणं वगैरे त्यात काही नव्हतं. वर्षानुवर्षं एकच काटा पायात घेऊन चालणारं माणूस शेवटी कुठेही बसतं आणि तो काढू बघतं, तसं होतं ते.

आणि नेमकं अठ्ठ्याहत्तरच्या होळीला पुन्हा खग्रास ग्रहण आलं. बाईला सातवा लागलेला. गावात चार दिवस एकच वाद, होळी ग्रहणाआधी पेटवायची की सुटल्यावर? आधी पेटवली तर ग्रहण लागलेला चंद्र होळीच्या धुरात यायचा, नंतर म्हटलं तर पोरं झोपून जायची. शेवटी ठरलं, सुटल्यावर. पुरणपोळ्या वेध लागण्याआधी करून खाऊन संपवल्या, पाण्याच्या माठात तुळशीची पानं टाकली, आणि दिवेलागणीला आत्याबाईंनी मधल्या खोलीत चटई अंथरून गेरूची वाटी ठेवली. बाई निजली. मी पायथ्याशी. चंद्राला अजून काही झालं नव्हतं, पण तिचं सुरू झालं. तिला उताणं निजवतच नसे, छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखं होई. घशातून शीळ वाजायला लागली. थोड्या वेळानं ती एका कुशीवर वळली, हातांवर जोर देऊन उठली, आणि मागच्या दारानं बाहेर गेली. "वच्छले!" आत्याबाई एकदाच ओरडल्या. पण उंबऱ्याबाहेर त्या आल्या नाहीत. ग्रहणाच्या आभाळाखाली त्या आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी मला पाठवलं, तिला धरून आण म्हणून. मी कंदील घेऊन गेले आणि तिथेच राहिले.

ती दगडावर बसली होती. चंद्राची डावीकडची कड मळल्यासारखी दिसत होती. मग तिथून तो हळूहळू कमी व्हायला लागला. मी शाळेत हे शिकले होते, पण उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्याही घरी दारं लावून बसायचे. बाईनं विचारलं, "खाते कोण त्याले?" मग मी माझं मॅट्रिक बाहेर काढलं. सकाळच्या बाजारासाठी भरलेल्या टोपल्यातून एक भरताचं वांगं घेतलं आणि घरातून लिंबू आणलं. कंदील झाला सूर्य, वांगं पृथ्वी, लिंबू चंद्र. कंदिलासमोर वांगं धरून लिंबू त्याच्या मागे नेलं की लिंबू काळं. पुढे सरकवलं की पुन्हा पिवळं. सूर्याचा उजेड पृथ्वी अडवते आणि तिची सावली चंद्रावर पडते, एवढंच, कोणी खात नाही अन् कोणी सोडत नाही. शिवाय तिघं एका सरळ रेषेत यायला हवेत, म्हणून दर पौर्णिमेला होत नाही. तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः केलं. पुन्हा पुन्हा. मग वर बघत म्हणाली, "मंजे ते सावली आपली हाय?" मी म्हटलं, हो, आपल्या सगळ्यांची. "या इहिरीची बी? आत्याबाईची बी?" त्यांचीही, म्हटलं. "काठ पाह्य कसा गोल हाय सावलीचा," ती म्हणाली. ते मला कोणी शाळेत दाखवलं नव्हतं.

मग चंद्र पूर्ण झाकला गेला, पण गेला नाही. तांब्याच्या जुन्या, न घासलेल्या गडव्यासारखा लालसर दिसत राहिला. एरवी पौर्णिमेला लोपलेल्या चांदण्या एकदम भरून आल्या. होळीपाशी बसलेल्या माणसांच्या बिड्या लुकलुकत होत्या, बाकी गाव दारं लावून चुपचाप. "लाल काऊन?" तिनं विचारलं. मला ते माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "असू दे, एकाच दिशी सारं कायले पाह्यजे?" दगडावर जागा करून तिनं मला बाजूला बसवलं. तिचा श्वास लागत होता, पण ती बरी होती. बसली की ती बरी असायची.

बऱ्याच वेळानं एका कडेला उजेडाची चीर फुटली. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "सुटलं का व?" बाई म्हणाली, "नाई." उजेड वाढत वाढत अर्ध्यावर आला. आणि तिथे ती एकदम माझा हात धरून म्हणाली, "त्या दिशी हा असाच होता. अर्धा." मग तिनं मला कार्तिकी पौर्णिमेची गोष्ट सांगितली, कुरकुर न करता, दुसऱ्या कोणाची सांगावी तशी. ती त्या दिवशी आपणहून उठलीच नव्हती. सगळं पाळून, गेरू लावून, उताणी पडून होती. आत्याबाईच दारातून बघून आल्या आणि म्हणाल्या, 'सुटलं, ऊठ, हात तोंड धू, जुड्या पडल्या हायत.' ती उठली, बाहेर येऊन विळा घेऊन बंद कापायला बसली. वर बघितलं तर चंद्र अर्धाच होता. तिनं विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, ढग आलाय. "मले बी वाटलं, ढग असन. आज समजलं, ढग नव्हता. अजून तेवढंच सुटाचं राह्यलं होतं." मी उसळले. म्हटलं, मग तीन वर्षं बोट तुझ्याकडे कसं? आत्ता जाऊन सांगते त्यांना. तिनं माझा हात सोडला नाही. "तू सांगजो नोको. त्यायची चूक झाली असन, जुड्यायची घाई होती. ते म्हातारी मायाकडं बोट दाखवते तोवर उभी हाय. बोट तिच्याकडं फिरवलं, त पडन ते. कुंदा तिची नात हाय व." मग ती वाकून टोपल्यामागून विळा घेऊन आली, अंबाडीची एक पेंढी मांडीवर घेतली आणि अर्ध्या चंद्राखाली बंद कापायला लागली. मी तिचं मनगट धरायला हात पुढे केला. वांगं-लिंबू मीच दाखवलं होतं, तरीही केला. मी म्हटलं, बाई, नको. ती म्हणाली, "आता तुले बी भेव वाटते?" आणि कापत राहिली. शेवटची कड उजळून चंद्र पुरता गोल झाला तेव्हा तिनं घराकडे तोंड करून आवाज दिला, "आत्याबाई, सुटलं!" मग गावात होळी पेटली.

उन्हाळ्याच्या शेवटी दिलीप झाला. नाकी-डोळी नीटस, ओठ जुळलेले. बाई मात्र त्या बाळंतपणातून पुरती उठलीच नाही म्हटलं तरी चालेल. आत्याबाईंनी लागलीच जाहीर केलं की त्यांच्या नवसानं देवानं वाचवलं, नाहीतर या बयेनं तर लेकराचं वाटोळंच केलं होतं. बाईनं नवस फेडायला नारळ दिला.

त्यानंतरच्या वर्षी कुंदाचा ओठ शिवला. देवानं दिलेलं शिवू नये म्हणून आत्याबाईंनी तोवर अडवून धरलं होतं. दवाखान्यात मी सोबत होते. बाईनं तिथल्या डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, ग्रहण सहाव्या महिन्यात होतं, त्यानं...? त्या कामात होत्या, मान वर न करताच म्हणाल्या, ओठ पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतो. नाही जुळला तर नाही जुळला. सहाव्या महिन्यात तुम्ही काहीही केलं असतं तरी फरक पडला नसता. मला नाचावंसं वाटलं. बाई एस.टी.त खिडकीशी बसून बाहेर बघत होती. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मंग कायले वागवलं एवढे दिस?" तिला आनंद झाला नव्हता असं नाही, पण आनंदाला लागतो तो जोर तिच्यात उरला नव्हता. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "डाक्टरले काय समजते? ते काय होती तठी?" आणि बोट तिथेच राहिलं.

पुढची दहा वर्षं म्हणजे गोळ्या, पायांवरची सूज, नागपूरच्या चकरा, आणि तो दगड. आम्ही पिपरीला वेगळे झालो, ती वाडीतच. कुंदा शाळेत हुशार निघाली, किंचित नाकातून बोलते, पण वर्गात पहिला हात तिचा. चंद्र लाल का होतो, हे तिनंच एक दिवस पुस्तकात वाचून आईला सांगितलं. पृथ्वीभोवती हवेचं कवच आहे, त्या क्षणी तिच्या काठाकाठानं जिथे जिथे सूर्य उगवतो-मावळतो आहे, तिथला तांबूस उजेड हवेतून वाकून चंद्रापर्यंत पोचतो. मी गेले तेव्हा बाईनं मला अगदी निरोप दिल्यासारखं सांगितलं, "तुले विचारलं होतं ना, लाल काऊन? जगभरच्या सांजा पडते त्याच्यावर." ती एवढी खूश मी क्वचित पाहिली.

तेरवी झाली. मी वाडीतच थांबले होते, कुंदा-दिलीपसाठी. आणि माघी पौर्णिमेला, आता परवा, पुन्हा खग्रास ग्रहण. अंधार पडता पडताच लागणार होतं. कुंदानं कोणाला काही न विचारता कंदील, वांगं आणि लिंबू घेऊन दिलीपला विहिरीशी नेलं. मी मागून गेले. दगडावर कोणी बसलं नाही. पोरं खाली गवतावर, मी टोपलं पालथं घालून. चंद्र लाल झाला, चांदण्या भरून आल्या, आणि मागचं दार वाजलं. काठी टेकत आत्याबाई बाहेर आल्या. उघड्या आभाळाखाली, ग्रहणात. त्या येऊन दगडावर बसल्या, एकदा वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. बराच वेळ काठीनं माती उकरत होत्या. मग मला म्हणाल्या, "म्याच म्हतलं होतं तिले, सुटलं म्हणून."

मी म्हटलं, "माहीत आहे, आत्याबाई. बाईनं सांगितलं होतं. तुमची चूक झाली, घाई होती..."

"चूक नाई झाली," त्या म्हणाल्या. "मले दिसत होतं ना, अर्धाच हाय त. पण तिचा जीव घाबरा होऊन राह्यला होता. डोळे पांढरे करे. चटईवर मरते का काय आता, असं झालं मले. पाहावलं नाई व... म्हणून म्हतलं, सुटलं." काठी थांबली. "अन् पोट्टी अशी निंगाली. मंग मले काई सुचलं नाई. मी तिच्यावरच ढकलत राह्यली."

चौदा वर्षांत त्या घरात बाईवर कोणी दया केली असेल तर ती त्या एका रात्री, आणि करणाऱ्या आत्याबाईंना तीच आपल्या हातची पापाची गोष्ट वाटत राहिली. बाईला घाईतली चूक माहीत होती, दया माहीत नव्हती. ती जिवंत असती तर मी पळत जाऊन सांगितलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही वाटतं आहे. कुंदानं सगळं ऐकलं होतं. ती उठून आली, दगडावर आजीला खेटून बसली, आणि आपल्या त्या किंचित नाकातल्या आवाजात डॉक्टरीणबाईंचं सगळं, ओठ कधी जुळतो ते, पुन्हा सांगितलं. या वेळी आत्याबाई 'डाक्टरले काय समजते' म्हणाल्या नाहीत. त्यांनी नातीच्या ओठावरच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

हळूहळू एक कड उजळली. मग चंद्र अर्ध्यावर आला. गार वारा सुटला होता, मी म्हटलं, आत्याबाई, आता आत चला. त्यांनी वर न बघताच कुंदाला विचारलं, "सुटलं का व?"

"नाई, आजी," कुंदा म्हणाली. "अर्धंच. पुरं सुटलं की मी सांगतो."

"सांगजो," आत्याबाई म्हणाल्या, आणि दगडाच्या कडेच्या गवताकडे हात नेऊन, बाई उपटायची तसं, एकेक पातं उपटत बसून राहिल्या.